कोळशीच्या वर कोण बसलंय? मऊ खवले कीड ओळखायची रीत

संत्र्याच्या पट्ट्यात कुणालाही काळं पडलेलं पान दाखवा, उत्तर ठरलेलं असतं: "कोळशी आली." आणि कोळशी म्हटलं की लगेच काळी माशी. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे काळ्या माशीने बगीचेच्या बगीचे बसवले आहेत, त्यामुळे तो संशय येणं साहजिकच आहे. पण कोळशी ही कीड नाही, ती बुरशी आहे. झाडाचा रस पिणारी कीड गोड चिकटा सांडते आणि त्या चिकट्यावर ही काळी बुरशी वाढते. ज्वारीवर मावा पडला की पानं जशी चिकट होतात, तोच हा प्रकार. आता हा चिकटा काळी माशी सांडू शकते, मावा सांडू शकतो, सायला, पिठ्या ढेकूण किंवा मऊ खवले कीडही सांडू शकते. पहिल्या चौघांना आपल्याकडे बरेच जण ओळखतात. पाचवी मात्र डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. पाय दिसत नाहीत, पंख नाहीत, हात लावला तरी जागची हलत नाही. नवीन माणसाला ती सालीवरची खपलीच वाटते.

माझ्याच बगीच्यात हे घडलं. धुऱ्याकडच्या दोन ओळी काळ्या पडल्या. मी चार पानं तोडून दुकानात नेली, काळी माशी म्हणून औषध मिळालं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या केल्या. पानांच्या खालच्या बाजूने, काळ्या माशीला करतात तशाच. पैसा गेला, मजुरी गेली, कोळशी तशीच. तिसऱ्या फवारणीची तयारी चालू असताना निंदायला आलेल्या एका मावशींनी बुंध्याकडे बोट दाखवलं.

"भाऊ, हे मुंगळे कायले चढून राहिले वरतं?"

त्या स्वतःच मुंगळ्यांच्या रांगेमागे नजर फिरवत वर गेल्या, एक कोवळी डहाळी वाकवली आणि म्हणाल्या, "पानाखाली काय पाहून राहिले? हे तं काडीले चिकटून हाय."

काडीवर तिळाच्या दाण्याएवढे, चपटे, पिवळसर तपकिरी ठिपके एकाला एक लागून बसलेले होते. दुकानात मी नेलेल्या पानांवर यातला एकही नव्हता. मी बुरशी नेली होती, कीड झाडावरच राहिली होती. म्हणून हा लेख नव्याने बगीचा लावलेल्यांसाठी आणि अंगणात लिंबू, पेरू, कढीपत्ता, जास्वंद सांभाळणाऱ्यांसाठी लिहितो आहे. औषधाचं नाव विचारण्याआधी कीड ओळखता आली, तर निम्मा खर्च तिथेच वाचतो.

सोबत काय घ्यायचं

दहापटीचं भिंग हवंच. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं चालेल, शाळेच्या सामानाच्या दुकानातही मिळतं. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा, सुरुवातीला तेवढ्याने भागतं. एक टाचणी किंवा शिवायची सुई, पांढरा कागद आणि छाटणीची कात्री. वेळ सकाळची घ्या. उन्हाळ्यात दहानंतर मुंगळेही सावली धरतात आणि आपलीही नजर टिकत नाही.

पहिली पायरी: मुंगळ्यांचा माग

झाडाकडे लांबून बघू नका, आधी बुंध्याशी बसा. मुंग्या किंवा मुंगळे एका रेषेत वर-खाली करत असतील, तर वर कुणीतरी चिकटा सांडतंय असं धरून चाला. मुंग्या झाड खायला चढत नाहीत, तो गोड रस प्यायला चढतात. आणि त्या फुकट पीत नाहीत. खवले किडीला खाणारे ढालकिडे आणि तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या यांना त्या हुसकावून लावतात. त्यामुळे मुंग्यांची रांग असलेल्या झाडावर कीड झपाट्याने वाढते.

रांग ज्या फांदीकडे वळते, ती फांदी धरा. चार फांद्या उगाच चाळत बसण्यापेक्षा हा मार्ग फार लवकर पोचवतो.

दुसरी पायरी: काळ्या पानाच्या वर बघा

चिकटा वरून खाली पडतो. म्हणून काळं पान हे किडीचं घर नसतं, किडीच्या खालचा मजला असतो. काळ्या पानाचा वरचा पृष्ठभाग काळा असेल, तर त्याच्या बरोबर वर असलेल्या पानांची खालची बाजू आणि कोवळ्या काड्या तपासा.

ओलं बोट काळ्या थरावर घासून बघा. काळं बोटाला येतं आणि खाली हिरवं पान निघतं. बुरशी पानात शिरलेली नसते, नुसती वर बसलेली असते. ऊन अडवते म्हणून झाड अन्न कमी बनवतं, फळ काळं पडून भाव पडतो. पण जखम तिची नाही, ती रस पिणाऱ्या किडीची आहे. घासूनही काळं निघालं नाही, पानातच डाग असेल, तर ते दुसरंच काही आहे.

कोळशी अजून आलेली नसेल तर पान तेलकट चमकतं. तळहाताने दाबलं की चिकटतं. पहिला इशारा हाच आहे, आणि त्या वेळी सापडलेली कीड आवरणं सोपं जातं.

रस्त्याकडच्या ओळी आधी बघा. ट्रॅक्टर-गाड्यांची धूळ पानांवर बसते, धुळीत मित्रकीटकांना नीट काम करता येत नाही आणि खवले कीड तिथे हटकून जास्त दिसते. माझ्याकडे रस्त्याच्या बाजूच्या धुऱ्यालगतच्याच दोन ओळी काळ्या पडल्या, त्याचं कारण हेच असावं.

तिसरी पायरी: बसायची जागा

पेन्सिलीपेक्षा बारीक, हिरव्या किंवा नुकत्या तपकिरी झालेल्या काड्या आणि पानाची मधली शीर, या दोन जागा मऊ खवले किडीच्या आवडीच्या. पानावर ती बहुधा मधल्या शिरेला धरून एका ओळीत बसते, कारण गोड रसाची नळी तिथे जवळ असते.

काळी माशी इथेच वेगळी कळते. तिची पिल्लं फक्त पानाच्या खालच्या बाजूला असतात, काळी चकचकीत, अंगावर उभे काटे आणि कडेला पांढऱ्या मेणाची किनार. आकाराने दीड मिलिमीटरपर्यंत, म्हणजे खवले किडीच्या पूर्ण वाढलेल्या मादीच्या निम्मीही नाहीत. पानाखाली पिवळट अंडी गोल-गोल चकलीसारख्या वळणात घातलेली दिसली तर ती काळ्या माशीचीच. काडीवर काळी माशी बसत नाही. काडीवर ठिपके असतील तर तिचं नाव सोडून द्या.

पिठ्या ढेकूण पऱ्हाटीवाल्यांना वेगळा सांगायला नको. त्याच्या अंगावर पीठ असतं, तो डिवचला की सरकतो, चिरडला की बोटाला रस लागतो. मऊ खवले कीड मोठी झाली की बहुतेक वेळा जागेवरच राहते, आणि तिच्या अंगावर पीठ नसतं.

नवीन माणूस आणखी दोन गोष्टींना फसतो. एक, डिंक्या रोगात सालीतून आलेला डिंकाचा सुकलेला थेंब. तो पारदर्शक असतो आणि पाण्यात विरघळतो. दुसरी, सालीचेच नैसर्गिक उंचवटे. ते सगळ्या फांदीभर सारख्या अंतराने असतात. सुई लावली की सालीचा उंचवटा सालीसकट निघतो, कीड अलगद निघते.

चौथी पायरी: सुईची परीक्षा

सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे, म्हणून घाई करू नका.

खवले किडीचे दोन मोठे गट आहेत. एक कठीण कवचाची, दुसरी मऊ. दोन्ही लांबून सारख्याच खपल्या दिसतात, पण दोघींचा उपाय आणि नुकसान करायची तऱ्हा वेगळी. काडी कागदावर आडवी ठेवा. मोठ्यात मोठा ठिपका निवडा. सुईचं टोक त्याच्या कडेखाली अगदी आडवं सरकवा आणि हळूच उचला.

झाकणासारखं कवच सुटं होऊन वर आलं आणि खाली काडीवर एक लहानसा पिवळा किंवा लालसर मऊ जीव तसाच राहिला, तर ती कठीण खवले कीड. तिने स्वतःच्या टाकलेल्या काती आणि मेण यांचं छप्पर बांधलेलं असतं, अंग त्या छपराला जोडलेलं नसतं. ही कीड चिकटा सांडत नाही, कारण ती गोड रसाच्या नळीत सोंड घालत नाही, पेशी फोडून त्यातला रस पिते. म्हणून तिच्यामुळे कोळशीही येत नाही. संत्रा-मोसंबीच्या फळाच्या सालीवर लालसर गोल टिकल्या दिसल्या तर आधी हिचा संशय घ्या.

मऊ खवले किडीत असं वेगळं छप्पर नाही. पाठीची कातडीच तिचं कवच. सुईने उचललं की सगळा जीव एकत्र उलटतो, काडीवर खाली काही राहत नाही, राहिली तर थोडी पांढरी भुकटी. उलटलेली कीड भिंगाखाली धरा. पोटाच्या बाजूने कोवळेपणी सहा बारीक पाय दिसतात, मध्ये सोंडेची जागा. आता तिला पालथी करून मागचं टोक बघा. तिथे एक चीर असते, कात्रीने कागदाला एकदाच काप द्यावा तशी. त्या चिरेच्या वरच्या टोकाला दोन इवल्या त्रिकोणी ताटल्या एकमेकींना टेकून असतात, बंद खिडकीच्या दोन दारांसारख्या. चिकटा याच दारांतून बाहेर पडतो. मला पहिल्यांदा ती दारं दिसली तेव्हा मी काडी उन्हाकडे तिरकी धरली होती. सरळ उजेडात दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात. चीर आणि ताटल्या दिसल्या की ओळख पक्की. कीटकशास्त्रज्ञही या कुळाची खूण हीच धरतात.

इतका चिकटा का सांडते, हेही समजून घ्या. नळीतल्या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी अमिनो आम्लं थोडी. पुरेशी मिळवायला तिला रस ढोसावा लागतो आणि जास्तीची साखर बाहेर टाकावी लागते. झाडाने फळासाठी बनवलेली साखर अशी पानांवर सांडत राहते.

पाचवी पायरी: कोणत्या जातीची

अगदी जातीपर्यंत जायची गरज शेतकऱ्याला क्वचित पडते. तरी चार रूपं डोळ्यांत बसवून ठेवा.

लिंबूवर्गात, कण्हेरीवर, जास्वंदावर सगळ्यात जास्त भेटते ती तपकिरी मऊ खवले कीड. शास्त्रीय नाव कॉकस हेस्पेरिडम, लिनियसने 1758 मध्ये दिलेलं. लांबट गोल, चपटी, तीन-चार मिलिमीटर. कोवळी असताना पिवळसर हिरवी, अंगावर तपकिरी शिंतोडे, म्हातारी होत जाईल तशी गडद. ही उघडी अंडी घालत नाही, पिल्लंच बाहेर येतात. शिवाय बहुतेक वेळा नराशिवायच वंश वाढतो. एक मादी आपल्या आयुष्यात शंभराच्या वर पिल्लं देऊ शकते, त्यामुळे रोपावर आलेली एक कीडही दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

हिरवी खवले कीड, कॉकस विरिडिस, पेरू, चिकू, लिंबू यांवर. पानाच्या रंगात मिसळून जाते. तिची खूण म्हणजे पाठीतून आत दिसणारी काळ्या ठिपक्यांची वळणदार रेघ, घोड्याच्या नालेसारखी. ती दिसली की दुसरं काही तपासायला नको.

तिसरी उंच घुमटाची, सैसेशिया वंशातली. काडीवर उपडी वाटी ठेवावी तशी, गुळगुळीत चकचकीत तपकिरी. सुईने उलटली की खाली फिकट भुकटीसारखी अंडी सांडतात. कोवळेपणी पाठीवर इंग्रजी एच अक्षरासारखा उंचवटा असतो. हिच्याच वंशातल्या काळ्या खवले किडीत तो मोठेपणीही राहतो.

चौथी पेरूवाल्यांनी ध्यानात ठेवायची, पल्विनेरिया. कीड हिरवट, आणि मागून कापसासारखी पांढरी पिशवी बाहेर आलेली. अंडी त्या पिशवीत. लोक हिलाच मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, म्हणतात. पांढरं पुढे ढकलून बघा, कापूस फक्त मागच्या बाजूला असेल आणि पुढचं अंग उघडं असेल, तर ही पल्विनेरिया.

याशिवाय अंगावर मेणाचा जाड पांढरा किंवा गुलाबी थर घेऊन बसणारीही एक आहे, मेणी खवले कीड. मेण खरवडलं की आतली कीड दिसते.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लालसर राळेसारखा जाड थर दिसला, तर ती लाख. लाखेचा कीडाही खवले किडींचाच लांबचा भाऊबंद आहे, पण घरी पैसा आणणारा. तिच्यावर फवारा मारू नका.

सहावी पायरी: जिवंत की मेलेली

ही पायरी टाळल्यामुळे जितकं औषध वाया जातं तितकं दुसऱ्या कशाने जात नसेल. मेलेली खवले कीड महिनोन्‌महिने काडीला चिकटून राहते. फवारणीनंतर आठवड्याने "अजून आहेच की" म्हणून पुन्हा पंप उचलायचा नाही. वीस ठिपके सुईने दाबा. रस निघाला तर जिवंत. कोरडी भुकटी झाली, चुरचुरली तर मेलेली. वीसांत किती जिवंत, ते वहीत तारखेसह लिहा.

दाबण्याआधी भिंगातून एकदा पाठ बघा. कीड काळी पडून फुगलेली आणि पाठीवर टाचणीने पाडल्यासारखं गोल, नेटकं भोक, म्हणजे आतून बारीक गांधीलमाशी जन्मून बाहेर गेली. अशा भोकांच्या किडी बऱ्याच दिसल्या तर फवारा थांबवा, शेतात तुमच्या बाजूने काम चालू आहे. कीडीभोवती पांढऱ्या बुरशीचं कडं असेल तर तेही चांगलं लक्षण. दुकानात व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाने मिळणारी बुरशी याच प्रकारची. लेकॅनियम हे मऊ खवले किडींचं जुनं नाव, बुरशीला नाव त्यावरूनच पडलं.

आणि पांढऱ्या झिपऱ्यांची, पिठ्या ढेकणासारखी दिसणारी पण भरभर चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलिमस ढालकिड्याची अळी आहे. हा ढालकिडा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, तोही कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठीच.

सातवी पायरी: पिल्लं कधी चालतात

मोठ्या मादीच्या पाठीवरून औषध ओघळून जातं. नुकती जन्मलेली पिल्लं मात्र उघडी असतात, पिवळट, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आणि एखाद-दोन दिवस पाय हलवत नवी जागा शोधत फिरतात. वाऱ्याने, मजुरांच्या कपड्यांवरून, छाटणीच्या फांद्यांतून दुसऱ्या झाडावर जातात ती याच वयात. फवारणीची खरी वेळ हीच.

ती कळण्यासाठी किडलेल्या काडीभोवती दुहेरी चिकटपट्टीचा एक वेढा द्या. तीन-चार दिवसांनी काढून भिंगाखाली धरा. पिवळी धूळ अडकल्यासारखी दिसली की पिल्लं निघालीत. मृगाच्या पावसानंतर आणि आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या बहाराची) नवती फुटते तेव्हा पट्टी लावायला विसरू नका. कोवळी फूट आली की कीडही वाढते.

ओळख पटल्यावर

दोन-चार काड्यांवरच असेल तर त्या कापून गोणीत भरा आणि वावराबाहेर जाळा. कापून झाडाखाली टाकू नका, पिल्लं चालत परत चढतात. कुंडीतलं झाड असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने काड्या घासा, दुसरं काही लागत नाही.

मुंग्यांचा रस्ता तोडा. बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून त्यावर ग्रीस लावा, ग्रीस थेट सालीला लावू नका. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात. एवढं केलं तरी मित्रकीटकांना मोकळं रान मिळतं.

फवारायचंच असेल तर पिल्लं निघाल्यावर पाच टक्के निंबोळी अर्क घ्या: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, साबणाचा 200 ग्रॅम चुरा मिसळून एकूण 100 लिटर. काड्या सगळ्या बाजूंनी भिजल्या पाहिजेत. तेलाची फवारणी विदर्भाच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना करू नका, पानं भाजतात. झाड बहारासाठी ताणावर, म्हणजे पाणी तोडलेलं, असतानाही नको, आणि गंधक मारलेलं असेल तर त्यानंतर लगेचही नको. रासायनिक औषध लागेल असं वाटलं तर आधी नमुना दाखवा. सगळं मारणारं औषध खवले किडीच्या शत्रूंनाही मारतं, आणि पुढच्या पिढीला मोकळं मैदान मिळतं.

कीड गेल्यावरही कोळशी काही दिवस राहते. पावसाने, उन्हाने ती सुकून पापुद्र्यासारखी गळते. फळं काढणीला आली असतील आणि घाई असेल तर मैद्याची पातळ खळ फवारली की वाळताना काळा थर सोबत घेऊन पडते.

नमुना कसा न्यायचा

शंका राहिली तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा. नुसतं काळं पान नेऊ नका. बोटभर लांबीच्या, किडीने भरलेल्या दोन-तीन काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम येऊन सगळं सडतं. झाड कोणतं, कीड कोणत्या भागावर, मुंग्या होत्या का, आधी काय फवारलं, एवढं कागदावर लिहून सोबत ठेवा.

आणि नवीन बगीचा लावणाऱ्यांनी हे सगळं रोपवाटिकेतच करावं. शेंदूरजना घाटची असो की आणखी कुठली, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेलं रोप हातात घेतलं की आधी त्याची उंची बघतात. त्याऐवजी कलमाच्या जोडापासून शेंड्यापर्यंत काडीवरून अंगठा फिरवा, मग पाच पानं उलटी करून मधली शीर बघा. खडबडीत लागलं तर नखाने हलकं उचला. तिळासारखं काही अलगद सुटून आलं, तर ते रोप परत ठेवा आणि त्याच्या शेजारच्या रोपांवरही अंगठा फिरवून बघा.